काच का फुटते?
(एका साध्या प्रश्नाचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास)



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. मी स्वतः इतिहासाचा शिक्षक असल्याने त्या सनावळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. परंतु मनुष्याने जशा लढाया लढल्या, तसे काही प्रश्नही पिढ्यान्‌पिढ्या लढवले आहेत. अशाच एका प्रश्नाचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावा असे मी योजिले आहे. हा प्रश्न मला कोणा ग्रंथात सापडला नाही. तो आठवीच्या वर्गात सापडला.

झाले असे. मधल्या सुट्टीनंतरचा तास होता. माझ्या टेबलावर पाण्याचा रिकामा पेला पालथा ठेवलेला होता आणि त्याच्यावर मी वह्यांचा गठ्ठा ठेवला होता. गठ्ठा उचलताना कोपराचा धक्का लागून पेला फरशीवर पडला आणि त्याचे तुकडे तुकडे झाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, एवढ्या वह्यांचं ओझं होतं तेव्हा पेला फुटला नाही. मग नुसता पडल्यावर का फुटला?" मी घाईत होतो. "पडला म्हणून फुटला, बस खाली," असे मी म्हणालो. वर्ग हसला, मुलगा बसला. त्यानंतर किती तरी दिवस त्या मुलाने मला एकही प्रश्न विचारला नाही.

त्या रात्री माझ्या मनात आले की, आपण जे उत्तर दिले ते उत्तरच नव्हते. मुलाचा प्रश्नच आपण त्याला परत केला. मग मी विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना विचारले, ग्रंथालयातून पुस्तके आणली आणि वाचू लागलो. वाचता वाचता ध्यानात आले की, हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांना पडला होता, आणि त्याच्या उत्तरावर हजारो माणसांचे प्राण अवलंबून आहेत. म्हणून हा लेख म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजावे.

आघाताचे कोडे

पदार्थ किती भार सोसतो याचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत गॅलिलिओचा ग्रंथ मोडतो. हा ग्रंथ १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला. तुळई कोठे मोडते, ती दुप्पट लांब केली तर काय होते, अशा प्रश्नांचा त्याने त्यात ऊहापोह केला आहे. तुळईवर सावकाश टांगलेल्या वजनाचा हिशेब त्याला मांडता आला. परंतु आणखी एक कोडे त्याला छळत होते. हातोडीचे वजन ते किती! पण तिच्या एका फटक्याने जो खिळा लाकडात शिरतो, तो खिळा तेवढेच वजन नुसते ठेवून तसूभरही हलत नाही. हे आघाताचे बळ मोजायचे कसे? गॅलिलिओने यावर पुष्कळ विचार केला, पण त्याचे ते लिखाण त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. ते १७१८ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर शहात्तर वर्षांनी छापले गेले.

विद्यार्थी मित्रांनो, आज आपण याचा थोडासा हिशेब सहज करू शकतो. टेबलाची उंची पाऊण मीटर धरा. तेवढ्यावरून पडलेला पेला फरशीला टेकतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे पावणेचार मीटर असतो. हा वेग फरशीवर सेकंदाच्या हजाराव्या भागात शून्य झाला असे धरले, तर दोनशे ग्रॅमच्या पेल्यावर येणारा जोर सुमारे ७८ किलो वजनाइतका होतो. म्हणजे एक प्रौढ माणूस पेल्याच्या काठाच्या एका बिंदूवर क्षणभर उभा राहावा, तसे हे झाले! तोच पेला गादीवर पडला आणि थांबायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागला, तर जोर चार किलोच्या आतबाहेर राहतो. वजन तेच, उंची तीच. फरक पडला तो फक्त वेळेचा. ही 'वेळ' नावाची गोष्ट ध्यानात ठेवा, कारण आपल्या सबंध कथेची ती नायिका आहे.

राजपुत्राचे थेंब

इ. स. १६६० च्या सुमारास रूपर्ट नावाच्या राजपुत्राने इंग्लंडमध्ये एक चमत्कारिक वस्तू आणली. तापलेल्या, वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात सोडला की त्याला पुढे गोल डोके आणि मागे लांब शेपटी येते. बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लासारखा तो दिसतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही. पण शेपटीचे टोक नुसते चिमटीत मोडले की क्षणार्धात सगळ्या थेंबाचे पीठ होते! राजा दुसरा चार्ल्स याने हे थेंब नव्याने स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीकडे तपासणीस दिले. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६६५ साली आपल्या ग्रंथात त्यांची चर्चा केली. बाहेरचा थर आधी गोठतो आणि आतली काच नंतर आकसते, त्यामुळे थेंबाच्या पोटात ओढाताण अडकून राहते, या दिशेने त्याचा तर्क चालला होता.

तर्क बरोबर दिशेचा होता. परंतु तो प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावयास तीनशे वर्षे लागली. १९९४ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे श्रीनिवासन चंद्रशेखर आणि केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतील मुनव्वर चौधरी या दोघांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने, सेकंदाला दहा लाखांपर्यंत चित्रे घेऊन, या थेंबाचे फुटणे टिपले. शेपटीकडून निघालेला तडा डोक्याकडे सेकंदाला १,४५० ते १,९०० मीटर वेगाने धावतो, असे त्यांना आढळले. म्हणजे ताशी पाच हजार किलोमीटरांहून अधिक! पुढे २०१६ साली चौधरी आणि एस्टोनियातील संशोधकांनी थेंबाच्या डोक्यावरच्या पातळ थरात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सात हजार किलो इतका दाब अडकलेला असतो, हे मोजून दाखविले. दाबाने काच फुटत नाही. काच फुटते ती ताणाने. बाहेरच्या दाबाच्या चिलखतामुळे हातोडी हरते. आणि शेपटीतून तडा आतल्या ताणाच्या मुलखात शिरला की मग त्याला अडवणारे कोणी उरत नाही. मोटारींच्या बाजूच्या खिडक्यांना जी टणक केलेली काच बसवतात, तिच्यामागे हेच तत्त्व आहे.

तारेवरचे वजन

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १८७२ साली जॉन हॉपकिन्सन या इंग्रज शास्त्रज्ञाने एक साधाच प्रयोग केला. लोखंडाची तार वरून टांगली, खालच्या टोकाला चिमटा बसवला आणि भोक पाडलेले वजन तारेत ओवून वरून खाली सोडले. वजन चिमट्यावर आपटे आणि तार तुटे. आपली अपेक्षा अशी की, वजन जितके जड तितकी तार लवकर तुटावी. परंतु घडले निराळेच. बऱ्याच मर्यादेपर्यंत तार तुटणे हे वजनावर नव्हे, तर ते किती उंचीवरून, म्हणजेच किती वेगाने आले, त्यावर अवलंबून होते. त्याहून नवल म्हणजे, आघात खाली झाला तरी तार पुष्कळदा वरच्या टोकाला तुटे!

हे कसे? आपल्या मुलांच्या आवडीच्या कॅरमवरून सांगतो. पाच-सहा सोंगट्या एकमेकींना चिकटवून ओळीत ठेवा आणि एका टोकाच्या सोंगटीवर ओळीच्या रोखाने स्ट्रायकर मारा. मधल्या सोंगट्या जवळजवळ जागच्या जागी राहतात आणि पलीकडच्या टोकाची सोंगटी सुटून जाते. धक्का हा लाटेसारखा प्रवास करतो. हॉपकिन्सनच्या तारेत ही ताणाची लाट वर गेली, घट्ट बांधलेल्या टोकावर आपटली, परतली, आणि जाणारी लाट व येणारी लाट यांची तेथे बेरीज झाली. म्हणून तार तेथे तुटली. जेथे मार बसतो तेथेच वस्तू फुटते, हा आपला समज त्या दिवशी खोटा ठरला.

जॉनचा मुलगा बर्ट्रम हॉपकिन्सन हा पुढे केंब्रिजला प्राध्यापक झाला. त्याने १९०५ साली वडिलांचा प्रयोग अधिक काटेकोरपणे केला आणि असे दाखविले की, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरताच ताण आला, तर तार एरवीच्या मर्यादेहून पुष्कळ अधिक ताण कायमची वाकडी न होता सोसून जाते. पोलादी पत्र्याला स्फोटक चिकटवून उडवले तर पत्र्याच्या पाठीमागच्या बाजूने चकतीसारखा तुकडा सुटून उडतो, याचाही त्याने उलगडा केला. दाबाची लाट पलीकडच्या मोकळ्या पृष्ठभागावर पोहोचली की ताणाची लाट होऊन परतते आणि तो तुकडा ओढून काढते. बाप आणि लेक दोघांचाही अंत अपघाती झाला. जॉन १८९८ साली आल्प्स पर्वतात आपल्या तीन मुलांसह दगावला आणि बर्ट्रम १९१८ साली विमान चालवीत असताना. परंतु एकाने मांडलेला प्रश्न दुसऱ्याने पुढे नेला, ही गोष्ट पालकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

न दिसणारी चीर

आतापर्यंत जोर किती आणि किती वेळ, एवढेच पाहिले. पण तडा सुरू कोठून होतो? याचे उत्तर कापड दुकानदाराला ठाऊक असते. तो कापड फाडण्याआधी काठाला कात्रीने बारीकशी खाच देतो. काच कापणारा कारागीर हिरकणीने आधी रेघ ओढतो आणि मग हलकीशी टिचकी मारतो. दगडाच्या खाणीतले कारागीर ओळीने भोके पाडून त्यांत पाचरा ठोकतात. खाच जेथे, ताण तेथे गोळा होतो, हे हाताने काम करणाऱ्यांना कधीपासून माहीत होते. त्याचे गणित मांडण्याचे काम विसाव्या शतकात झाले.

१९१३ साली चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने ते गणित मांडले. पत्र्याला गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लांबट असेल आणि ताणाच्या आडवे पडले असेल, आणि त्याची लांबी रुंदीच्या दहापट असेल, तर टोकाशी ताण एकवीसपट होतो! चीर जितकी अरुंद व टोकदार, तितकी ती घातक.

यानंतर आला ॲलन ग्रिफिथ. फार्नबरो येथील विमानसंशोधन केंद्रात तो नोकरीस होता. त्याने वितळलेल्या काचेचे बारीक बारीक धागे ओढले आणि ते तोडून पाहिले. एक मिलिमीटर जाडीच्या कांडीपेक्षा अत्यंत बारीक धागा त्याच्या जाडीच्या मानाने सुमारे वीसपट बळकट निघाला. काच तीच, मग हा फरक का? ग्रिफिथने १९२० साली रॉयल सोसायटीपुढे सांगितले की, काचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य चिरा असतात. जाड कांडीत मोठी चीर सापडण्याचा संभव अधिक, बारीक धाग्यात कमी. आणि चीर केव्हा पसरते याचा त्याने जमाखर्च मांडला. तडा वाढला की काचेत साठलेली ऊर्जा मोकळी होते, ही झाली जमा. नवे पृष्ठभाग तयार करायला ऊर्जा लागते, हा झाला खर्च. जमा खर्चापेक्षा वाढली की चीर आपोआप धावत सुटते.

असे सांगतात की, काच वितळवण्याची ज्योत रात्री तशीच राहून प्रयोगशाळेत आग लागली, चौकशी झाली आणि काचेत वेळ घालवू नये असे वरिष्ठांनी सुनावले. ग्रिफिथ पुढे विमानांच्या इंजिनांकडे वळला. त्याच्या त्या कामाचे खरे मोल कळावयास मात्र वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

बंदरात दुभंगलेले जहाज

१६ जानेवारी १९४३. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. अमेरिकेतील पोर्टलंड येथे 'स्कनेक्टडी' नावाचे नवेकोरे तेलवाहू जहाज चाचणी आटोपून धक्क्यापाशी शांत पाण्यात उभे होते. वादळ नव्हते, शत्रूचा हल्ला नव्हता. रात्र मात्र कडाक्याच्या थंडीची होती. अचानक मोठा आवाज झाला आणि जहाज मधोमध जवळजवळ दुभंगले. त्या काळात युद्धासाठी 'लिबर्टी' जातीची सुमारे २,७०० मालवाहू जहाजे घाईघाईने बांधण्यात आली होती. त्यांपैकीही अनेकांना तडे गेले.

केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषीने या तड्यांचा पिच्छा पुरविला. तिने दाखवून दिले की, त्या जहाजांचे पोलाद थंडीत आपला चिवटपणा सोडून काचेसारखे ठिसूळ होत होते. त्यातच जुनी जहाजे रिव्हेटांनी जोडलेली असत. एका पत्र्याचा तडा त्या पत्र्याच्या कडेला येऊन थांबे. नवी जहाजे वेल्डिंगने एकसंध केलेली असल्यामुळे तड्याला वाटेत नाकेच उरले नव्हते. आणि सुरुवात पुष्कळदा कोठून होई? माल उतरविण्याच्या चौकोनी तोंडाच्या कोपऱ्यापासून! इंग्लिसचे गणित तीस वर्षांपूर्वी छापून पडले होते. पुढे कोपरे गोलसर केले गेले आणि पोलाद निवडताना थंडीत त्याच्यावर लंबकाचा हातोडा आपटून ते किती चिवट राहते हे पाहण्याची रीत जहाजबांधणीत रूढ झाली. युद्धानंतर, १९५७ साली, अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेतील जॉर्ज अर्विन याने ग्रिफिथच्या जमाखर्चाला अभियंत्यांच्या हातात देता येईल असे सुटसुटीत रूप दिले.

सुटकेचा निरोप

तुम्ही पाहिले असेल की, काचेचे तावदान हळूहळू वाकवले तर त्याचे दोन-तीन तुकडे होतात. पण त्यावर जोराचा आघात झाला तर असंख्य तुकडे होतात. याचे कारण समजण्यास इंग्लंडच्या नेव्हिल मॉट याने युद्धकाळात केलेला विचार फार उपयोगी आहे. तोफगोळा फुटला की त्याचे किती आणि केवढे तुकडे होतील, हा प्रश्न त्याच्यापुढे होता.

समजा, एका चिरेतून तडा गेला. तडा गेला की आजूबाजूचा ताण सुटतो आणि शेजारच्या चिरांची सुटका होते. परंतु ही सुटकेची बातमी शेजारी पोहोचायला वेळ लागतो. ती लाटेच्या वेगानेच जाऊ शकते. भार सावकाश वाढत असेल, तर बातमी वेळेवर पोहोचते आणि एकच तडा सगळे काम आटोपतो. भार अतिवेगाने वाढत असेल, तर बातमी पोहोचण्याआधीच दुसरी, तिसरी, दहावी चीर सुटलेली असते. म्हणून तुकडे पुष्कळ होतात. संथ भाराखाली सर्वांत दुबळी चीर बळी पडते. जलद भाराखाली तिच्यापेक्षा सशक्त चिराही रांगेत उभ्या राहतात.

कोयनेची पहाट

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयना परिसर भूकंपाने हादरला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगरातील बहुतेक घरे कोसळली किंवा निकामी झाली. कोयनेचे धरण १०३ मीटर उंच, आणि त्यामागे शिवसागराचे अफाट पाणी. धरण उभे राहिले, ही परमेश्वराची कृपा. पण ते निर्धोक राहिले नाही. धरणाच्या ज्या भागावरून पाणी सोडले जात नाही, तेथील उंच खंडांच्या पुढच्या व मागच्या दोन्ही बाजूंना आडवे तडे गेले. आणि ते गेले कोठे? पायाशी नव्हे. धरणाच्या पाठीचा उतार वरच्या भागात जेथे एकदम बदलतो, तेथे. जहाजाच्या तोंडाचा कोपरा आणि धरणाच्या पाठीचा कोपरा, दोघांची कहाणी एकच!

धरणाची आखणी करताना त्या काळच्या रीतीप्रमाणे भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या शेकडा पाच इतका धरला होता आणि तो खालपासून वरपर्यंत सारखाच मानला होता. प्रत्यक्षात धरणाच्या गॅलरीतील यंत्राने नोंदलेला आडवा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्या जवळपास होता, म्हणजे धरलेल्याच्या जवळजवळ दहापट. शिवाय धरण खालून हलले की त्याचा माथा झाडाच्या शेंड्यासारखा अधिक झुलतो, हे जुन्या रीतीत धरलेच नव्हते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अनिल चोप्रा व पी. चक्रबर्ती यांनी १९७३ साली संगणकावर हिशेब मांडून दाखविले की, अशा हेलकाव्यात उतार बदलण्याच्या जागी येणारा ताण काँक्रीटच्या ताकदीबाहेर जातो. तडे नेमके तेथेच गेले होते. काँक्रीट दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच सोसते. या बाबतीत ते काचेचे भाऊबंदच आहे. पुढे धरणाच्या त्या भागाला पाठीमागून काँक्रीटचे भक्कम आधार देण्यात आले.

वाचक हो, तडे कोठे आणि केव्हा जातील हे सांगणारी नवी गणितपद्धत कोणी काढली, तर ती खरी की खोटी हे पाहण्यासाठी जगभरचे अभ्यासक आजही कोयनेचे उदाहरण घेतात. ज्या धरणाच्या पाण्यावर झालेल्या विजेने आपल्या घरचे दिवे लागले, त्या धरणाचे तडे जगाची क्रमिक पुस्तके झाले.

'केव्हा' चा शोध

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग. ग्रिफिथचा जमाखर्च संथ भाराला चांगला लागू पडतो. पण भार सेकंदाच्या लक्षांश भागात आला तर? १९६८ साली ट्युलर आणि बुचर या अमेरिकन संशोधकांनी मांडले की, अशा वेळी नुसता सर्वांत मोठा ताण पाहून भागत नाही. मर्यादेबाहेरचा ताण किती वेळ टिकला, याची बेरीज धरली पाहिजे. १९७७ साली काल्टहॉफ आणि शॉकी यांनी दाखविले की, आघात फारच अल्पकाळ टिकला, तर एरवी पुरेसा असलेला ताणही चिरेला हलवू शकत नाही. ताण चिरेच्या टोकाशी काही किमान वेळ टिकावा लागतो. १९८४ साली रविचंदर आणि नाउस यांनी कॅलिफोर्नियात पारदर्शक ठिसूळ प्लास्टिकवर प्रयोग करून पाहिले, तेव्हा भार फार जलद येतो तेव्हा चीर सुटण्यासाठी अधिक जोर लागतो, हे स्पष्ट झाले. रशियात मोरोझोव्ह आणि पेत्रोव्ह यांनी याला एक नेमके नाव दिले. कोंबडीचे अंडे उबवायला जसा ठरावीक काळ लागतो, तसा तडा सुटायलाही पदार्थागणिक ठरावीक 'उबवणीचा काळ' लागतो, असे ते म्हणाले. ताण आणि हा काळ, दोन्ही ठाऊक असले तर तडा केव्हा सुटेल हे पुष्कळ जवळून सांगता येते.

म्हणजे आघातात दोन गोष्टी एकदम होतात. एकीकडे वेळ थोडा असल्यामुळे जोर कित्येक पट वाढतो. दुसरीकडे वेळ थोडा असल्यामुळेच पदार्थ थोडा अधिक टिकतो. यांतली पहिली गोष्ट बहुधा दुसरीवर मात करते, आणि पेला फुटतो.

उत्तर

मी हे सारे चार ओळींत उतरवून त्या मुलाला वर्गातच सांगितले आणि "त्या दिवशी मी तुला उत्तर दिलं नव्हतं," असेही सगळ्यांसमोर कबूल केले. वह्यांचे ओझे सावकाश आले, पेल्याच्या सगळ्या काठावर वाटले गेले आणि त्याने काच दाबली. दाब काचेला सोसतो. पडताना मात्र वेळ थोडा, जोर एका बिंदूवर, आणि लाटेने पेल्यात ताण उत्पन्न केला. त्या ताणाला काठावरची एखादी न दिसणारी चीर सापडली. मुलाने शांतपणे ऐकले, क्षणभर विचार केला आणि विचारले, "सर, मग आमच्या घरी दोन सारखे पेले एकदमच पडले, त्यांतला एकच का फुटला?"

पालकहो, खरे सांगतो, मला त्या प्रश्नाने पेल्याच्या उत्तरापेक्षा अधिक आनंद झाला. कारण तो प्रश्नही थोरामोठ्यांचा आहे. स्वीडनच्या वाइबुल या अभियंत्याने १९३९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. साखळी जशी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच बळकट, तशी ठिसूळ वस्तू तिच्या सर्वांत वाईट चिरेइतकीच बळकट असते. प्रत्येक पेल्याच्या नशिबी निराळी चीर. म्हणून हजार पेल्यांपैकी साधारण किती फुटतील हे सांगता येते. हाच पेला फुटेल की नाही, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. विज्ञानाची शक्ती आणि मर्यादा दोन्ही यात दिसतात. म्हणूनच धरण बांधणारा, जहाज बांधणारा आणि मोटारीची काच बनवणारा शहाणा माणूस हिशेबापेक्षा जास्तीची ताकद हाताशी ठेवतो आणि कोपरे गोलसर करतो.

जाता जाता पालकांना एकच विनंती. जड बुडाच्या थंड काचेच्या पेल्यात उकळता चहा एकदम ओतू नका. आतली काच फुलते, बाहेरची मागे राहते आणि तडा जातो. तो थोडा थोडा ओता, हे आपल्या आयाबहिणींना पूर्वीपासून माहीत आहे. मुलांच्या प्रश्नांचेही तसेच आहे. घाईघाईने दिलेला एक फटकारा न दिसणारी चीर पाडून जातो, आणि ती कोठे आहे हे आपल्याला पुष्कळ उशिरा कळते. उत्तर ठाऊक नसेल तर "बघून सांगतो" म्हणावे, आणि खरोखरच बघून सांगावे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.